तिसऱ्या खुर्चीच्या जागेत

६ जून १९८५, बायकोनूर. मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे १०.३९. तुम्ही सोयूझ टी-१३ या यानात आहात आणि तुम्हाला बसायला खुर्ची नाही.

एरवी या यानात तीन खुर्च्या असतात. मधे कमांडर, डावीकडे फ्लाइट इंजिनिअर, उजवीकडे तिसरा कोणीतरी. या खेपेला उजवीकडची खुर्ची काढून टाकली आहे, कारण तिसरा माणूस नसला की पाणी, अन्न आणि इंधन जास्त नेता येतं. त्या कोपऱ्यात तुम्ही अंग चोरून बसला आहात. तुम्ही श्वास घेत नाही आणि तुम्हाला तहान लागत नाही, एवढं आधीच ठरवून टाकू. पुढचे पंधरा दिवस या दोन्ही गोष्टींचा हिशेब फार काटेकोर असणार आहे, तो तुमच्यामुळे बिघडायला नको.

चौदा महिन्यांपूर्वी, ३ एप्रिल १९८४ला, अशाच एका सोयूझमध्ये उजवीकडच्या खुर्चीत स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा बसले होते. खडकवासल्याच्या एनडीएत घडलेला हा वैमानिक ज्या स्थानकात आठवडाभर राहिला ते साल्यूत-७. इंदिरा गांधींनी त्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या स्थानकाचं पुढे काय झालं, हे मात्र आपण कधी फारसं विचारलं नाही. शर्मा पोहोचले तेव्हा आत तीन माणसं वाट पाहत होती; दिवे होते, ऊब होती, दार आतून उघडलं गेलं. तुम्ही निघाला आहात तेही साल्यूत-७कडेच. आता तिथे कोणी नाही, आणि गेले चार महिने ते हाकेला ओ देत नाही.

खालून थरथर सुरू होते. आवाजाआधी ती पाठीला कळते. मग छातीवर वजन येतं, वाढत जातं, मधेच एकदम हलकं होतं आणि पुन्हा चढतं. खालचे टप्पे सुटून पडत आहेत. मधल्या खुर्चीतले व्लादिमिर जानिबेकोव्ह ४३ वर्षांचे. ही त्यांची पाचवी खेप. फावल्या वेळात चित्रं काढणारा हा माणूस आज इथे आहे तो हातामुळे. १९८२मध्ये याच साल्यूत-७कडे जाताना यानाची स्वयंचलित यंत्रणा बिघडली, तेव्हा त्यांनी यान हाताने नेऊन जोडलं होतं. डावीकडचे व्हिक्टर साविनिख ४५ वर्षांचे. १९८१मध्ये ते साल्यूत-६वर राहून आले आहेत, आणि या स्थानकांच्या पोटातल्या वायरी कुठून कुठे जातात हे त्यांना नीट ठाऊक आहे. एकाने दारापर्यंत पोहोचवायचं आणि दुसऱ्याने घर चालू करायचं, अशी ही वाटणी आहे.

नऊएक मिनिटांत इंजिन बंद होतं. तुम्हाला पट्टे नाहीत, त्यामुळे तुम्ही सरळ छताकडे निघता.

आता दोन दिवस आहेत. तेवढ्यात स्थानकाला झालं काय ते समजून घ्या. या दोघांना सध्या जेवढं माहीत आहे तेवढंच. साल्यूत-७ एप्रिल १९८२मध्ये वर गेलं. सोळाएक मीटर लांब, वीसेक टन वजनाचं. तिथले शेवटचे रहिवासी किझिम, सोलोव्ह्योव्ह आणि डॉक्टर अत्कोव्ह. ते २३७ दिवस राहून २ ऑक्टोबर १९८४ला उतरले, आणि उतरले तेही शर्मांना वर घेऊन गेलेल्या यानातूनच. निघताना त्यांनी दार लावलं. स्थानक रिकामं पण जागं होतं. ११ फेब्रुवारी १९८५ला त्याच्या मुख्य रेडिओ प्रक्षेपकात जादा वीजप्रवाह गेला आणि तो आपोआप बंद झाला. राखीव प्रक्षेपक चालू झाला. जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रात पाळी बदलली. नव्या पाळीने मुख्य प्रक्षेपक पुन्हा चालू करून पाहिला, आणि त्यानंतर स्थानकाकडून काहीच आलं नाही. हुकूम पोहोचतो की नाही हेही समजेना.

सोडून देता आलं असतं. पुढचं स्थानक, मीर, तयार होत होतं; पण ते वर जायला फेब्रुवारी १९८६ उजाडणार. तोवर सोव्हिएत संघाचं कक्षेत एकही घर नसतं. शिवाय एवढा मोठा डबा बेवारस फिरतोय आणि एक दिवस कुठेतरी पडेल, हेही परवडणारं नव्हतं. म्हणून ठरलं की दोन माणसं पाठवायची.

सांगायला हे सोपं आहे. नेहमीच्या जोडणीत यान आणि स्थानक दोघंही बोलत असतात. यानाचा रेडिओ विचारतो, स्थानकाचा उत्तर देतो, त्यावरून अंतर, वेग, कोन कळतो आणि यंत्रणा यानाला आपोआप आत नेते. चाळीस वर्षांनी, २०२५च्या जूनमध्ये, शुभांशु शुक्ला ड्रॅगन यानातून आंतरराष्ट्रीय स्थानकाला पोहोचतील तेव्हा यान स्वतःच जोडलं जाईल; आतल्या चौघांनी पडद्यांवर लक्ष ठेवायचं. तुमच्यासमोरचं स्थानक मुकं आहे. म्हणून या सोयूझमधून ती स्वयंचलित यंत्रणाच काढून ठेवली आहे, उगाच वजन कशाला. तिच्याऐवजी हातात धरायचं लेसर अंतरमापक आहे, अंधारात पाहायची दुर्बीण आहे, आणि यान चालवायचे दांडे बाजूच्या खिडकीजवळही बसवले आहेत. स्थानक नेमकं कुठे आहे हे जमिनीवरचे रडार सांगतात. शत्रूची क्षेपणास्त्रं हेरण्यासाठी उभारलेल्या या रडारना आपलंच हरवलेलं घर शोधायचं काम लागलं आहे.

८ जून. साविनिख खिडकीबाहेर बघत आहेत. आधी एक ठिपका दिसतो, तारा असावा असा, पण ताऱ्यांपेक्षा जास्त उजळ आणि जागा बदलणारा. मग तो लांबट होतो. जानिबेकोव्ह यान आडवं वळवतात. पुढे जाणारी वस्तू आडवी धरायची, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण पुढचं बघायला सोयूझमध्ये धड खिडकी नाही, एक परिदर्शक आहे तेवढा. बाजूच्या खिडकीतून मात्र स्थानक डोळ्यांनी दिसतं. साविनिख अंतरमापकाचे आकडे वाचतात, वेग सांगतात, संगणकात घालतात. तीनएक किलोमीटर उरल्यावर सूत्रं पूर्णपणे हाताकडे येतात.

इथे घाई म्हणजे टक्कर. उशीर म्हणजे इंधन संपणार. आणि अंधार पडणार हे तर ठरलेलंच, कारण दीड तासाच्या फेरीत जवळपास निम्मा वेळ पृथ्वीची सावली असते. दोनशे मीटरवर जानिबेकोव्ह यान थांबवतात. थांबवतात म्हणजे स्थानकाच्या तुलनेत. एरवी दोघंही सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतच आहेत. सूर्य नको त्या बाजूला आहे, डोळ्यांवर येतो. म्हणून ते स्थानकाभोवती वळसा घालायला घेतात.

आता तुम्हाला ते नीट दिसतं. तीन सौरपट्ट्या आहेत. स्थानक जिवंत असतं तर त्या सूर्याचा माग काढत एका कोनात वळल्या असत्या. त्या वेड्यावाकड्या आहेत, एकीचा दुसरीशी मेळ नाही. दोघंही ते बघतात, जमिनीला सांगतात. याचा अर्थ रेडिओ बिघडलाय एवढंच नाही. आत वीजच नाही. आणि वीज नाही म्हणजे तापवणं नाही, पंखे नाहीत, काहीच नाही. एक गोष्ट मात्र बरी आहे. स्थानक फार गरगरत नाही, सावकाश हलतं आहे. ते जोरात फिरत असतं तर इथूनच परत जावं लागलं असतं.

पुढच्या दारासमोर यान येतं. यानाचा सुळका स्थानकाच्या शंकूत शिरतो. हलका धक्का बसतो.

पृथ्वीभोवती मुक्या, मेलेल्या स्थानकाला माणसांनी हाताने यान जोडायची ही पहिलीच वेळ. या जोडणीवर पुढे २०१७मध्ये रशियात एक भपकेबाज चित्रपट निघाला. त्यात आग आहे, हातोडा आहे, पाळतीवर आलेलं अमेरिकी शटलही आहे. पडद्यासाठी ते लागलं असेल. माझं म्हणणं असं की या प्रकरणातला सर्वांत थरारक भाग चित्रपटवाल्यांना कंटाळवाणा वाटला असावा, कारण त्यात माणसं वायरी सोलतात आणि फरशी पुसतात. आपण आता तिकडेच चाललो आहोत.

जोडणी झाली की दोन्हीकडच्या विजेच्या जोडण्या आपोआप एकमेकींत बसतात आणि यानातल्या फलकावर स्थानकाची खबर दिसू लागते. साविनिख बघतात. काहीच दिसत नाही.

दारापलीकडे हवा आहे की नाही, हाही प्रश्नच आहे. सगळी हवा गळून गेली असेल, किंवा काही जळून विषारी वायू भरले असतील. म्हणून दार उघडायच्या आधी त्यातली छोटी झडप उघडून दाब सारखा होतो का बघायचं. होतो. पुढच्या दाराशी पुन्हा तेच. विषारी वायू ओळखणाऱ्या नळ्यांत आतली हवा घेऊन पाहतात. तसं काही सापडत नाही. तरी ते आधी मुखवटे लावूनच आत शिरतात. हातात टॉर्च आहेत.

तुम्हीही मागोमाग तरंगत जा. पहिली गोष्ट खटकते ती शांतता. कक्षेतलं स्थानक कधी गप्प नसतं. पंखे, पंप, घड्याळं असं काहीतरी सतत घुरघुरत असतं, आणि आतल्या माणसाला त्याची इतकी सवय होते की ते थांबलं की तो झोपेतून उठतो. इथे दोन माणसांच्या कपड्यांची सळसळ तेवढी ऐकू येते. टॉर्चच्या झोतात भिंती पांढऱ्या दिसतात, त्यांवर दंव आहे. खिडक्यांना आतून बर्फ धरला आहे. नळ्यांवर बर्फाचे सुळके आहेत, आणि ते खालीच लटकले पाहिजेत असं नाही, कारण इथे खाली म्हणजे कुठे? टेबलावर मागच्या मंडळींनी रशियन रीतीप्रमाणे पाहुण्यांसाठी पाव-मीठ ठेवलेलं आहे.

थंडी किती आहे हे सांगता येत नाही, कारण तापमापकाचे आकडे शून्यालाच संपतात. शून्याखाली स्थानकात कोणी राहील असं तो बनवणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. मग खालून सूचना येते की भिंतीवर थुंकून बघा आणि सेकंद मोजा. जानिबेकोव्ह थुंकतात. तीन सेकंदांत थुंकी गोठते. अब्जावधी रूबलच्या अवकाश कार्यक्रमाचं त्या दिवशीचं तापमापक हे एवढंच होतं.

मुखवटे काढून ते लोकरीच्या टोप्या आणि आतून लोकर लावलेले जाड कपडे चढवतात. तोंडातून वाफ निघते आणि तिथेच थांबते. याकडे नीट बघा, कारण पुढच्या दिवसांचा सगळा धोका इथेच आहे. जमिनीवर उच्छ्वासाची ऊन हवा वर निघून जाते, आपल्याला काही करावं लागत नाही. वजनरहित अवस्थेत ऊन हवा वर जात नाही, कारण वर म्हणजे कुठे हेच तिला माहीत नसतं. पंखा नसेल तर तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड तुमच्याच चेहऱ्याभोवती साठत राहतो. काम करता करता डोकं जड होतं, हालचाल मंदावते, आणि माणसाला स्वतःला त्यातलं काही कळत नाही. म्हणून खालून ताकीद येते: एकाने काम करायचं, दुसऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची. काम फार लांबलं की यानात परत यायचं. सोयूझ उबदार आहे, तिथे हवा फिरते. पहिले दिवस ते झोपतात, जेवतात तिथेच.

आता बॅटऱ्या. आठ आहेत, सगळ्या तळाशी गेलेल्या. तपासणीत दोन कायमच्या गेल्या असं ठरतं, सहा वाचतील. सौरपट्ट्या शाबूत असतील तर त्यांच्याकडून वीज घेऊन बॅटऱ्या भरता येतील. अडचण अशी की पट्ट्यांची वीज बॅटऱ्यांपर्यंत पोहोचवणारी स्विचं चालायलाही वीज लागते, आणि ती तर बॅटऱ्यांत नाही.

मग सोयूझची वीज द्यावी, असं तुमच्या मनात आलं असेल. त्यांच्याही आलं होतं. पण स्थानकात कुठे काय बिघडलं आहे हे कोणाला माहीत नाही. सोयूझची वायर जोडली आणि आत कुठे शॉर्ट सर्किट असेल, तर सोयूझही मरेल. मग घरी जायला यान नाही, आणि जिथे आलात तिथे जगायला हवा-पाणी नाही. हा मार्ग बंद.

उरतं ते हाताचं काम. सौरपट्ट्यांकडून येणाऱ्या केबली शोधायच्या, टोकं सोलायची आणि बिघडलेल्या यंत्रणेला बाजूला ठेवून सरळ बॅटऱ्यांना जोडायची. अशी १६ टोकं आहेत. हातमोजे घालून बारीक तारा पिळता येत नाहीत, म्हणून साविनिख मोजे काढतात. धातू इतका गार आहे की बोटांना तो सहन होत नाही. एक टोक पिळायचं, चिकटपट्टी गुंडाळायची, बोटं काखेत धरायची, पुढचं टोक. तुम्हाला मदत करावीशी वाटेल. तुमचा हात वायरीतून आरपार जातो, हा काळप्रवासाचा तोटाच आहे.

१० जून. जोडण्या झाल्या, पण पट्ट्या सूर्याकडे वळलेल्या नाहीत आणि स्वतःहून वळूही शकत नाहीत. त्यामुळे आता सोयूझची इंजिनं चालवून जानिबेकोव्ह सोयूझसकट आख्खं वीस टनांचं स्थानक वळवतात. एवढं जड धूड ढकलताना इंधनाचा प्रत्येक फवारा मोजून मारायचा, कारण परतीसाठीही इंधन उरायला हवं. पट्ट्यांवर ऊन पडतं. बॅटऱ्या भरू लागल्या की नाही, हे बघत थांबायचं. भरू लागतात.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, त्यांना नाही. त्या रात्री सोयूझमध्ये दोघं जेवताना काय बोलले असतील, हे तुम्ही ऐकता, पण मी इथे लिहिणार नाही. कोणी नोंदलेलं नाही ते आपण रचायचं कशाला?

११ जूनला भरलेल्या बॅटऱ्या स्थानकाच्या यंत्रणेला जोडतात. दिवे लागतात. मग पंखा फिरतो आणि ती घुरघुर सुरू होते. वाफ चेहऱ्यासमोरून हलते, निघून जाते. स्थानक पुन्हा जमिनीशी बोलू लागतं.

आणि आता कळतं की झालं काय होतं. प्रक्षेपकाचा बिघाड खरा होता, पण त्याने फक्त बोलणं बंद केलं. घर गोठवलं ते दुसऱ्याच एका क्षुल्लक वस्तूने. बॅटरी पूर्ण भरली की पट्ट्यांकडून येणारी वीज तोडायची, नाहीतर ती जादा भरून खराब होईल. यासाठी एक संवेदक असतो. त्यातला एक बिघडला होता आणि बॅटरी रिकामी असतानाही भरली, भरली असंच सांगत होता. स्थानकाची यंत्रणा रोज एकदा नियमाने वीज जोडून बघायची आणि या संवेदकाचं ऐकून पुन्हा तोडायची. असे दिवसामागून दिवस. बाहेर हवं तेवढं ऊन आणि आत बॅटऱ्या संपत चाललेल्या. जमिनीवर कोणी असतं तर त्याने तो संवेदक बाजूला काढायचा हुकूम पाठवला असता आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला असता. पण रेडिओच मेलेला. दोन किरकोळ बिघाड, एकेकटे कुणालाच मारू न शकणारे, एकाच वेळी आले.

वीज आली. पाणी अजून नाही. स्थानकाच्या टाक्या गोठलेल्या आहेत आणि पाणी तापवायचं यंत्र गेलेलं आहे. सोबत आणलेलं पाणी आठवड्याभराचं. घोट कमी करून, यानातला आणीबाणीचा साठा धरून, ते जेमतेम २१ जूनपर्यंत पुरेल असा हिशेब आहे. त्याआधी टाक्या वितळल्या पाहिजेत किंवा मालवाहू यान आलं पाहिजे. मालवाहू यान प्रोग्रेसमध्ये माणूस नसतो, ते आपोआप जोडलं जातं; त्यासाठी स्थानकाला स्वतःचा तोल धरून स्थिर राहता यायला हवं. १३ जूनला ती यंत्रणा चालू करून पाहतात. चालते. बायकोनूरला प्रोग्रेस भरायला हिरवा कंदील मिळतो.

दरम्यान चहाची तल्लफ आली तर? चित्रीकरणासाठी आणलेला एक प्रखर दिवा आहे. त्याच्या उष्णतेवर पाण्याची पिशवी तापवतात. दूरचित्रवाणीसाठी नेलेल्या सामानाचा इतका चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

पण खरी चिकाटी लागते ती यानंतर. हवा तापवायला सुरुवात होते आणि चार महिने भिंतींना धरलेलं सगळं वितळू लागतं. जमिनीवर वितळलेलं पाणी वाहून तळाशी जमतं, फडक्याने टिपता येतं. इथे ते वाहत नाही. ते पसरतं. पृष्ठताणामुळे पातळ थरासारखं भिंतीला, नळीला, वायरींच्या जुडग्याला चिकटून बसतं. गोळे होऊन तरंगतं. फलकांच्या मागे, जिथे हात पोहोचत नाही तिथे दडतं. आणि तिथेच वीज आहे. एखाद्या जोडणीत पाणी शिरलं की पुन्हा शॉर्ट सर्किट, पुन्हा अंधार. म्हणून भिंती तापवायची यंत्रणा ते मुद्दामच चालू करत नाहीत. आधी पाणी पूर्ण उडून जाऊ दे, मग भिंती तापवू. तोवर पुसायचं. फलक काढायचा, मागे फडकं फिरवायचं, फलक लावायचा, पुढचा काढायचा. फडकी संपतात तेव्हा जुने कपडे फाडतात.

जुलैतल्या कोकणातल्या घरात राहिलेल्यांना या हवेची ओळख पटेल: कपडे वाळत नाहीत, कागद मऊ पडतो, भिंतीला हात लावला की हात ओला. फरक असा की कोकणात भाद्रपदानंतर ऊन येतं. इथे दीड तासाला एकदा सूर्य उगवतो आणि त्याचा या ओलीला काही उपयोग नाही. स्थानकातली हवा पुन्हा माणसांत आली ती थेट जुलैअखेर. म्हणजे जोडणीला काही तास लागले, वीज यायला तीन दिवस, आणि पुसायला सात आठवडे. साल्यूत-७ कोणी वाचवलं असं मला विचारलं तर मी या सात आठवड्यांकडे बोट दाखवीन. एकदाच धाडस करणं बऱ्याच वैमानिकांना जमलं असतं. अंधाऱ्या फलकामागे रोज तेच फडकं त्याच काळजीने फिरवणं फार थोड्यांना.

२१ जूनला प्रोग्रेस-२४ निघतं, २३ला येऊन जोडलं जातं. पाणी, इंधन, बॅटऱ्या, सुटे भाग. पाण्याचा हिशेब आता कोणी करत नाही. तुम्हीही एक घोट घ्या हवा तर. जून संपेपर्यंत स्थानकाच्या टाक्याही वितळतात.

सामान सोडवण्याच्या अशाच दिवसांत जानिबेकोव्ह एका बोल्टवरून पंखासारखे कान असलेला नट बोटाने फिरवून काढतात. नट सुटतो, स्वतःभोवती फिरत हवेतून पुढे जातो आणि मधेच, कोणी हात न लावता, उलटा होतो. पुन्हा थोडं अंतर जातो, पुन्हा उलटतो. ते थांबून बघत राहतात. हा चमत्कार नाही. तीन वेगळ्या मापांच्या अक्षांपैकी मधल्या अक्षाभोवती फिरणारी वस्तू स्थिर राहू शकत नाही, हे गणितात आधीपासून माहीत होतं. पण डोळ्यांसमोर असं निवांत घडताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं, आणि आज भौतिकशास्त्राच्या वर्गात तो प्रकार त्यांच्याच नावाने शिकवतात. जिथे दोन आठवड्यांपूर्वी थुंकी गोठत होती, तिथे आता नटाकडे टक लावून बघण्याइतकी सवड मिळू लागली होती.

२ ऑगस्टला दोघं बाहेर जातात. पाचएक तास. एका सौरपट्टीला जास्तीच्या पट्ट्या जोडतात, म्हणजे पुन्हा विजेची तूट नको. हे आधीपासूनच ठरलेलं काम. त्यासाठीची आखणी स्थानक जिवंत असतानाची. मेलेल्या घरात येऊन, ते उठवून, वर जुन्या यादीतली कामं पुरी करायची, याचं मला फार कौतुक वाटतं.

१८ सप्टेंबर. सोयूझ टी-१४ येऊन जोडलं जातं. वास्यूतिन, ग्रेच्को, व्होल्कोव्ह. आत दिवे आहेत, हवा कोरडी आहे, पाणी गरम आहे, आणि दार आतून उघडलं जातं. आता पाच माणसं. नंतरची मांडणी अशी की साविनिख नव्या मंडळींबरोबर मागे राहतील आणि जानिबेकोव्ह ग्रेच्कोंना घेऊन टी-१३मधून परततील. साविनिखना पुढे नोव्हेंबरच्या २१ला उतरावं लागेल, ठरल्यापेक्षा बरंच आधी, कारण वास्यूतिन आजारी पडतील. ते आज कोणाला माहीत नाही. तुम्ही गप्प राहा. १९८६च्या मे महिन्यात किझिम आणि सोलोव्ह्योव्ह मीरवरून सोयूझने इथे येतील, काम करतील आणि उपयोगाची उपकरणं उचलून मीरवर नेतील. एका स्थानकातून दुसऱ्यात असं ये-जा करणारे ते पहिले. १९९१च्या फेब्रुवारीत साल्यूत-७ अर्जेंटिनावर जळत कोसळेल.

२५ सप्टेंबरला तुम्ही पुन्हा तुमच्या उजव्या कोपऱ्यात आहात. टी-१३ सुटतं. ११२ दिवस होत आले आहेत; सरळ घरी जावं, असं कोणालाही वाटेल. पण जानिबेकोव्ह यान लांब नेतात आणि पुन्हा स्थानकाकडे वळवतात. जवळपास दिवसभर हेच चालतं: जवळ यायचं, अंतर आणि वेग बघायचा, मागे हटायचं, परत. जूनमध्ये जे एकदाच आणि नाइलाजाने केलं ते आता मोकळ्या वेळात तपासून घ्यायचं आहे, म्हणजे पुढच्या वैमानिकाला नुसत्या हाताच्या भरवशावर यावं लागणार नाही. डावीकडे आता ग्रेच्को आहेत. दोनशे मीटर. जानिबेकोव्ह दांड्यावर बोटं ठेवून थांबतात, आणि वेग किती असायला हवा हे त्यांनी सांगायच्या आधी तुम्हाला माहीत असतं.